लस मेंढीला, अभय मेंढपाळाला

फाशी हा गुरांचा रोग आपल्या शेतकऱ्यांना अपरिचित नाही. सकाळी धडधाकट दिसलेले जनावर सायंकाळी मरून पडते. शास्त्रज्ञ या रोगाला अँथ्रॅक्स म्हणतात. माणसाच्या कातडीवर तो काळ्या फोडाच्या रूपाने उमटतो, म्हणून काळपुळी हेही त्याचे नाव. माणसापासून माणसाला तो क्वचितच होतो. धनगर, खाटीक, कातडी कमावणारा, लोकर निवडणारा, यांना तो जनावरापासूनच जडतो. तेव्हा माणसाचे रक्षण करावयाचे, तर आरंभ गोठ्यातूनच केला पाहिजे.

हा आरंभ १८८१ साली फ्रान्समधील पुयी-ल-फोर या गावी झाला. लुई पाश्चर यांनी ५ मे रोजी २४ मेंढ्या, १ शेळी व ६ गुरे यांना दुबळ्या केलेल्या जंतूंची लस टोचली आणि १७ मे रोजी ती पुन्हा दिली. आणखी २४ मेंढ्या लसीवाचून ठेवल्या होत्या. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचण्यात आले. २ जूनला लोक पाहावयास जमले, तो लस न मिळालेल्या बहुतेक मेंढ्या मरून पडलेल्या होत्या. उरलेल्याही त्याच दिवशी गेल्या. लस मिळालेल्या मेंढ्या मात्र उभ्या होत्या. पुढे त्यांतील एक गाभण मेंढी तेवढी दगावली.

१९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी अधिक निर्धोक लस सिद्ध केली. ती आजही वापरात आहे. परंतु लसीने जनावर वाचते, जमीन शुद्ध होत नाही. या जंतूंचे बीजाणू मातीत कित्येक दशके जिवंत राहतात आणि लसीचा प्रभाव सुमारे वर्षभरच टिकतो.

सायबेरियातील यमाल प्रदेशात १९४१ नंतर साथ आली नव्हती. म्हणून २००७ साली तेथील रेनडिअरांना लस टोचणे थांबविण्यात आले. २०१६च्या कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली आणि रोग पुन्हा उद्भवला. दोन हजारांवर रेनडिअर मेले, अनेक पशुपालक आजारी पडले आणि १२ वर्षांचा एक मुलगा प्राणास मुकला. त्यानंतर लस पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडेही फाशीचा उपद्रव असलेल्या भागांत पावसाळ्यापूर्वी गुरांना लस टोचतात. गावात अनेक वर्षांत एकही जनावर दगावले नाही, म्हणून यंदा टोचणी कशाला, असे कोणी विचारील, तर त्याला यमालची ही हकीकत अवश्य सांगावी.