बांबू चोरीचा कधी झाला?

चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू नेणे, हे आपण धरूनच चालतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचा अभ्यास करताना मला पडलेला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ही वस्तू 'दुसऱ्याची' झाली कधी?

1878 च्या आणि पुढे 1927 च्या वन कायद्याने जंगलावरचा सरकारी ताबा पक्का केला. 1927 च्या कायद्यातले कलम 69 पाहा. वनोपज कोणाचे असा प्रश्न उठला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानायचे. एरवी फौजदारी न्यायात आरोपी निर्दोष मानून सुरुवात होते. इथे माल सरकारचा मानून! सुपं-टोपल्या विणणारा बुरूड आणि कुंपणाला बांबू आणणारा गोंड शेतकरी या चौकटीत सहज संशयित ठरले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र इथलाच बांबू सरकारी कराराने मिळे. तो व्यवहार.

वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. कायद्याने त्याला 'झाड' म्हटले. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात आणला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला न्यायचा तर वाहतूक परवान्यावर अडे. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोच, कोयता तोच. पुस्तक कोणाच्या कपाटात, एवढ्यावर गुन्हा ठरत होता. म्हणून वनगुन्ह्यांचे आकडे हाती आले की मी आधी त्या वर्षीचा कायदा काढून बसतो.

2017 च्या अखेरीस केंद्राने 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला. ती सवलत वनाबाहेर वाढलेल्या बांबूसाठी होती.