थेंबभर रक्ताची साक्ष

मधुमेहाचा रोगी असलेल्या घरात एक वाद हटकून ऐकू येतो. सकाळी बोटाला सुई टोचली, यंत्राने १५८ सांगितले. दोन मिनिटांनी शेजारच्या बोटातून थेंब काढला, तर १७४! आणि प्रयोगशाळेचा कागद म्हणतो १६३. खरे कोणाचे मानायचे? रागावून यंत्र कपाटात टाकणारे आहेत, तसेच आकड्याला भिऊन जेवण टाकणारेही. वस्तुतः या भांडणाचे मूळ रक्तातली साखर मोजण्याच्या इतिहासात सापडते.

या कामी माणसाच्या उपयोगी पडलेली पहिली परीक्षक म्हणजे मुंगी. प्रमेहाच्या रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेने नोंदवून ठेवले आहे. इंग्लंडात थॉमस विलिस याने १६७४ साली मूत्राच्या गोडीचे वर्णन केले, तेही चव घेऊन! पुढे १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवले व तळाशी साखर उरते हे दाखविले. रक्ताचा द्रवभागही गोड लागतो, असे त्याला आढळले. साखर मूळची रक्तातली. मूत्रात ती केवळ सांडते.

तरीही विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे घरगुती परीक्षा मूत्राचीच राहिली. बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. हिरवे, पिवळे की विटकरी, त्यावरून साखर किती ते ठरवायचे. या पद्धतीत मोठी उणीव होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच मूत्रपिंड ती बाहेर सांडते. शिवाय मूत्र सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. साखर घसरून रोगी बेशुद्ध पडू लागला, तरी नळीतला निळा रंग स्वस्थच!

१९६५च्या सुमारास अमेरिकेत रक्ताचा थेंब घेणारी कागदी पट्टी आली. मिनिटभर थांबायचे, पट्टी धुवायची आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पण एकाच्या डोळ्याला जो रंग फिका, तो दुसऱ्याला गडद. म्हणून अँटन क्लेमेन्स याने पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे यंत्र बनविले. ते दवाखान्यांसाठी होते; रोग्याला विकत मिळत नसे. लहानपणापासून मधुमेह असलेल्या रिचर्ड बर्नस्टाइन या इंजिनिअरने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने मागविले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर तपासू लागला. वैद्यकीय नियतकालिकांनी त्याचे लेखन नाकारले, तेव्हा चाळिशी उलटल्यावर तो स्वतःच डॉक्टर झाला! १९७८ साली ब्रिटिश डॉक्टरांनीही घरच्या तपासणीचे अनुभव प्रसिद्ध केले आणि १९८७ साली पेनाएवढे विद्युत्-यंत्र बाजारात आले. आकडा डॉक्टरांच्या मेजावरून रोग्याच्या हाती आला, ही या कथेतली खरी क्रांती.

मात्र या सोयीची किंमत अचूकपणात द्यावी लागली. यंत्र साखर प्रत्यक्ष मोजत नाही. पट्टीवरचे विकर, म्हणजे एन्झाइम, साखरेशी क्रिया करते; त्यातून निघणारा सूक्ष्म वीजप्रवाह मोजून यंत्र अंदाज बांधते. पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले, तर विकर बिघडते. रक्तात तांबड्या पेशी कमी असतील, तर आकडा खोटा वाढतो. जास्त असतील, तर घटतो. प्रयोगशाळा शिरेतल्या रक्ताचा पेशीविरहित द्रव तपासते, आपण बोटातले रक्त तपासतो. उपाशीपोटी दोहोंत फरक थोडा. जेवणानंतर मात्र बोटातली साखर जास्त भरते. उलट, शिरेतले रक्त नळीत नुसतेच पडून राहिले, तर त्यातल्या पेशी तासाला पाच ते सात टक्के साखर फस्त करतात! तेव्हा प्रयोगशाळेचा कागदही अगदीच निर्दोष नव्हे.

म्हणूनच २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकाने सवलत ठेवली आहे: साखर १०० किंवा अधिक असेल, तेव्हा शंभरांतली पंचाण्णव मापे पंधरा टक्क्यांच्या आत असावीत, शंभराखाली पंधरा मिलिग्रॅमच्या आत. खरी साखर २०० असेल, तर १७५ सांगणारे यंत्रही उत्तीर्ण आणि २२५ सांगणारेही.

सणासुदीला आणखी एक सावधगिरी हवी. जपानी डॉक्टरांनी २०११ साली दाखविले, की फळ सोलल्यावर हात न धुता थेंब काढला, तर यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही दोष जात नाही, पाण्याने हात धुतल्यावर जातो. फराळाच्या ताटाजवळ पाकातले लाडू वळणाऱ्या हातांनी हे ध्यानात ठेवावे. कारण अशा खोट्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन वाढवले, तर साखर धोकादायकपणे खाली जाईल.

साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग थेंब काढा. दहा-वीसचा फरक मनावर घेऊ नका. दिवसांमागून दिवस आकडे कोणीकडे सरकत आहेत, ते वहीत पाहा. घाम सुटला, हात थरथरू लागले आणि यंत्र मात्र सारे ठीक म्हणाले, तर पुन्हा तपासा. शरीराची तक्रार झिडकारू नका. यंत्र हा मोलाचा साक्षीदार आहे. पण शहाणा न्यायाधीश एकाच साक्षीवर निकाल देत नसतो.