घरी राहिलेली मते

पेण तालुक्यातले जोहे हे गाव गणपतींचे. चैत्र-वैशाखात येथे दारोदारी पांढरे गणपती ओळीने सुकत असतात. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या माझ्यासारख्या काहींची नावे मात्र अजून गावच्याच मतदारयादीत आहेत. 24 एप्रिल 2014 रोजी रायगडात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा मी गावी गेलो नाही. ऊन फार होते, आणि एका मताने असे काय बिघडणार, हे मनाशी होतेच.

16 मे रोजी निकाल लागला. शिवसेनेचे अनंत गीते यांना 3,96,178 मते, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांना 3,94,068. अंतर अवघे 2,110! पंधरा लाखांवर मतदारांपैकी पाच लाखांहून अधिक मतदानाला गेलेच नव्हते. त्यांतला मी एक. मतदान वाढते तर निकाल फिरता, असे मी ज्याला त्याला सांगत सुटलो.

पुढे जुने आकडे काढून बसलो आणि हे विधान डळमळू लागले. 2009 साली मतदानाचा टक्का याहून कमी होता, तरी गीत्यांनी बॅरिस्टर अंतुल्यांना 1,46,521 मतांनी हरविले होते. म्हणजे मतदान वाढले आणि आघाडी आटली! कारण पेण-अलिबागकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. 2009 साली शेतकरी कामगार पक्ष गीत्यांच्या बाजूस होता; 2014 साली त्याने रमेश कदमांना उभे केले आणि सव्वा लाखावर मते तिकडे गेली. 2019 साली तोच पक्ष तटकऱ्यांमागे आला व ते 31,438 मतांनी निवडून आले.

शिवाय 2014 साली सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही उभे होते. त्यांना 9,849 मते पडली. अंतराच्या साडेचार पटीहून अधिक. यंत्रावर उमेदवारांची छायाचित्रे त्या वेळी नसत. त्यांतली किती मते चुकून पडली, हे कोण सांगणार? मी उन्हाच्या भयाने घरी बसलो. कोणी बिचारा उन्हातून जाऊन भलतेच बटण दाबून आला असेल.

घरी राहिलेले पाच लाख बाहेर पडून इतरांसारखेच वाटले गेले असते, तर निकाल तोच लागता. गैरहजेरी एका बाजूची असेल तरच पारडे फिरते. आणि मुंबईच्या चाकरमान्यांत शिवसेनेचा शब्द चाले. आम्ही सारे गावी गेलो असतो तर कदाचित जिंकणाऱ्याचीच आघाडी वाढती.

तरीही 23 एप्रिल 2019 रोजी पहाटेची एसटी धरून मी जोह्याला गेलो. रांगेत माझ्यापुढे एक मूर्तिकार होते. शाई लावणाऱ्याने त्यांना आधी बोटावरचे प्लास्टर पुसायला लावले.