टाकाऊतून सुगंध : विस्कॉन्सिनची एक गोष्ट

मंडळाच्या पॉटलकला फ्रूट सॅलड कुणी ना कुणी आणतंच. झाकण उघडलं की व्हॅनिलाचा वास दरवळतो आणि आपल्यापैकी अनेकांना लहानपणीचे वाढदिवस आठवतात. हा वास वेलीवरच्या शेंगेचा, अशी आपली समजूत असते. पण या वासाचा मुख्य घटक, म्हणजे व्हॅनिलिन, अमेरिकेत एके काळी कागद गिरणीच्या सांडपाण्यातून काढला जात असे, हे सांगितलं तर पटेल का?

लाकूड म्हणजे ढोबळमानाने सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. इमारतीत सळया आणि सिमेंट असतं ना, तसंच. लाकडाचा साधारण पाव भाग लिग्निनचा. कागदाला हवे असतात फक्त धागे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८६७ साली सल्फाइट पद्धतीचं पेटंट घेतलं. तिच्यात लिग्निन विरघळतं आणि धागे मोकळे होतात. उरलेलं काळपट पाणी गिरण्या सरळ नदीत सोडत. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे आणि मासे मरत.

विस्कॉन्सिन नदीकाठी रॉथ्सचाइल्ड गावात मॅरेथॉन पेपर मिल्स ही अशीच एक गिरणी होती. (नावात मराठीचा भास झाला तरी तो मॅरेथॉन काउंटीचा प्रताप!) गाय हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाने तिथे या पाण्यात टप्प्याटप्प्याने चुना घालून लिग्निनचा साका वेगळा काढला. १९३६-३७ च्या सुमारास त्यापासून व्हॅनिलिन तयार होऊ लागलं. लिग्निनची साखळी ज्या कड्यांची बनलेली असते, त्या कड्यांची ठेवण व्हॅनिलिनच्या रेणूसारखीच असते. रसायनशास्त्रात त्यांना ‘ॲरोमॅटिक’ म्हणजे सुगंधी म्हणतात. इथे ते नाव शब्दशः खरं ठरलं.

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून ही गोष्ट इथेच संपवता आली असती. पण पुढचा भाग तितका गोड नाही. हा उद्योग सीमेपलीकडे कॅनडातही वाढला. १९८१ साली ओंटारियोतल्या थोरोल्डची एकच गिरणी जगातलं सुमारे ६० टक्के कृत्रिम व्हॅनिलिन पुरवत होती. मात्र एक किलो व्हॅनिलिनमागे दीडशे किलोहून अधिक क्षारयुक्त सांडपाणी उरे. लिग्निनच्या अगदी थोड्या भागाचं सोनं होई, बाकीचं पुन्हा टाकाऊच. १९८७ साली तो कारखाना बंद पडला. आज बाजारातलं बहुतांश व्हॅनिलिन खनिज तेलापासून बनतं. नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी मात्र १९६२ पासून ते लाकडापासून बनवत आली आहे.

मग सगळं लिग्निन कामी कसं आणायचं? हा प्रश्नही विस्कॉन्सिनमध्येच, मॅडिसनला, फार पूर्वी हाती घेतला गेला होता. १९३८ साली हॅरिस, डियानी आणि ॲडकिन्स यांनी तांबे-क्रोमियमच्या उत्प्रेरकावर लिग्निन आणि हायड्रोजन यांची क्रिया घडवली. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. लिग्निन तुटलं खरं, पण हायड्रोजनने कड्यांचा सुगंधी गुणही घालवला. कुलूप उघडताना किल्लीच मोडावी तसं झालं.

त्याच मॅडिसनच्या विद्यापीठात २०१४ साली शॅनन स्टाल यांच्या गटाने वेगळा मार्ग दाखवला. आधी ऑक्सिजनने लिग्निनमधले नेमके बंध कमकुवत करायचे, मग ११० अंश सेल्सियसला फॉर्मिक आम्लात, म्हणजे मुंगीच्या दंशातल्या आम्लात, ते तोडायचे. ॲस्पेनच्या लिग्निनपासून वजनाने ६० टक्क्यांहून अधिक ॲरोमॅटिक द्रव्यं मिळाली, आणि कड्या शाबूत राहिल्या.

आपल्या पुण्यातही हे काम झालं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या दीपा ए. के. आणि डॉ. परेश ढेपे यांनी घन आम्लाचे उत्प्रेरक वापरून २५० अंशांना लिग्निन तोडून दाखवलं. त्यांचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, हा त्याचा मोठा फायदा. साखर कारखान्यात उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळताना आपण पाहिलं आहे. त्या चिपाडातही लिग्निन असतं.

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतची वाट लांब आहे. आपल्या आज्या दुधावरची साय, सायीचं लोणी, लोण्याचं तूप करत आणि तळाची बेरीसुद्धा साखर घालून मुलांच्या हातावर ठेवत. वाया काही जात नसे. रॉथ्सचाइल्डने साय काढली, बाकीचं दूध मात्र ओतून दिलं. ते सारं दूध कामी लावायचं काम पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे. त्या पिढीत आपल्याच मंडळातली काही मुलं असावीत, एवढीच इच्छा.