खिडकीचं काय उरतं?

मंडळी, आजचा विषय ऐकून एकानं मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला सुतारकामाचं काय पडलंय? उत्तर शेवटी देतो. आधी गावातून एक फेरी मारू.

शनिवारवाड्यात आज उरली आहेत ती दगडी जोती. वरचे मजले लाकडाच्या सांगाड्यावर उभे होते, ते १८२८ च्या आगीत गेले. पेशवाईतलं लाकूडकाम पाहायचं तर विश्रामबागवाड्यात जावं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांचा. १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीची झळ यालाही लागली, तरी बरंच टिकलं.

वाड्याची खिडकी म्हणजे सागवानी चौकट, दोन झडपा आणि गज. काच नाही. चौकटीचे सांधे खाच आणि कुसू यांचे, वरून लाकडी खुंटी. हत्यारं मोजकीच: करवत, वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या. खुंटी ठोकून काढली की चौकट सुटी होते. म्हणजेच ती दुरुस्त होऊ शकते. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

इंग्रजी अमलात तावदानं आली. विलायतेत दोरी, कप्पी आणि वजन लावून वर-खाली सरकणारी काचेची खिडकी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रुळली होती. आपल्या हवेत तिची पंचाईत अशी, की पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सरकणारी चौकट अडकून बसते. बिजागरीवरची झडपही फुगते हो, पण ती निदान ढकलता येते. आणि आषाढात घट्ट झाली म्हणून लगेच रंधा मारू नये. चैत्रात तीच झडप खुळखुळते.

आता लाकूड. सागाचा गाभा तेलकट, त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा पांढुरका भाग मात्र कुजतो. नवं लाकूड जाडीच्या दर इंचाला वर्षभर वाळू द्यावं, असा जुना ठोकताळा आहे. ओलं लाकूड बसवलं तर ते आकसतं, सांधा ढिला होतो.

आमचा वाडा पाडला तेव्हा मी एक खिडकी ठेवून घेतली. खालची आडवी पट्टी पाणी साचून कुजली होती. दोघांनी सांगितलं, फेकून द्या, ॲल्युमिनियमची बसवा. तिसरा सुतार म्हातारा होता. त्यानं फक्त कुजलेलं तेवढं कापलं, पाडकामातल्या जुन्या सागाचा तुकडा रेषा जुळवून बसवला, पाणी निथळावं म्हणून उतार दिला, जवसाचं तेल लावलं. पंधरा वर्षं झाली.

मग ही खिडकी तीच का? नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे आस, चाकं की जू? यांपैकी एकही नाही. या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. मी वर्गात हे तीस वर्षं शिकवलं. कळलं त्या सुताराकडे पाहताना. लाकूड बदलत राहतं. टिकतो तो सांधा, आणि सांधा जोडता येणारा हात. वाडे पडताहेत याचं दुःख आहेच. पण तो हात गेला, तर उरलेल्या खिडक्या संग्रहालयात ठेवूनही त्यांचं दुरुस्त होणं संपेल.

म्हणून मास्तराला सुतारकामाचं पडलंय. घरी जुनी खिडकी असेल, तर फेकण्याआधी एखादा जुना सुतार बोलवा.