प्लिनीचा ‘कोस्सस’ : एक निर्णय

प्लिनीच्या ‘नॅचरालिस हिस्टोरिआ’ (इ. स. ७७) ह्या ग्रंथाच्या १७ व्या भागांत, ओक वृक्षांतील मोठ्या अळ्या पक्वान्न म्हणून खात व त्यांस पिठावर पोसून पुष्ट करीत, असा उल्लेख आहे. ह्या अळीस तो ‘कोस्सस’ म्हणतो. ती कोणती, हा वाद जुना आहे.

लिनिअसनें १७५८ सालीं हें नांव एका पतंगास दिलें. परंतु नामसाम्य हा पुरावा नव्हे. त्या पतंगाची अळी पाठीवर तांबूस असून तीस बोकडासारखा उग्र दर्प येतो. उलट सेंट जेरोम, इ. स. ३९३ च्या सुमारास, पाँटस व फ्रिजिया प्रांतांतील खाद्य अळ्या पांढऱ्या, लठ्ठ व काळसर डोक्याच्या असल्याचें लिहितो. दोन्ही वचनें एकत्र वाचतां, कोस्सस ही लांकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी मानणेंच सयुक्तिक दिसतें.

पिठाचा उल्लेखही निरर्थक नाहीं. अळी पिष्टाचें रूपांतर चरबींत करून ती कोशावस्थेकरितां सांठविते. रोमनांस कारण ठाऊक नसलें तरी परिणाम ठाऊक होता.

प्रथिनांचे आंकडे मात्र पारखून घ्यावेत. नत्राच्या वजनास ६.२५ नें गुणून प्रथिन काढण्याची रूढी आहे; पण अळीच्या त्वचेंतील कायटिनांतही नत्र असतें. म्हणून २०१७ सालीं तीन जातींच्या अळ्यांसाठीं ४.७६ हा गुणक सुचविण्यांत आला. त्यानें १० ग्रॅम नत्रामागें ६२.५ ऐवजीं ४७.६ ग्रॅमच प्रथिन निघतें. सबब कोस्ससाचें अन्नमूल्य सांगणारानें आधीं जात निश्चित करावी, मग गुणक.