पान, फुलोरा, राळ : गांजाची कायदेशीर प्रतवारी

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. नशेची ही चढती भाजणी लोकांना पूर्वीपासून ठाऊक होती. सरकारी कागदावर ती सविस्तर उतरली 1893-94 मध्ये.

ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावर नेमलेल्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने देशभरातील 1193 साक्षी नोंदवल्या. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजी अंमलाखालचा. तेथील साक्षीही त्यात आहेत. निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारशी हानी नाही. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने हवेत. (अबकारीचे उत्पन्न सरकारच्याच तिजोरीत जात होते, हेही ध्यानात ठेवावे.)

तिवसा तालुक्यातील मोझरीला 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. खंजिरीच्या तालावर ते व्यसनांविरुद्ध गात. तेथे चिंता महसुलाची नव्हती, बुडणाऱ्या संसाराची होती.

1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा व चरस यांना हेरॉइनसोबत सर्वांत कडक अनुसूचीत बसवले. मात्र व्याख्येतून सुटी पाने वगळली. भारताच्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही तीच वाट धरली. म्हणून निव्वळ पानांची भांग त्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले.

अमेरिकेने 1970 मध्ये दुरुपयोगाचा संभव आणि वैद्यकीय उपयोग पाहून पाच अनुसूच्या केल्या. आपल्याकडे तशी शिडी नाही. 1985 मध्ये फरक झाडाच्या भागावर होता : गांजाला कमाल 5 वर्षे, चरसला किमान 10. सन 2001 च्या दुरुस्तीने तराजू आणला. गांजा 1 किलोपर्यंत ‘अल्प’, 20 किलोंहून अधिक ‘व्यापारी’. चरससाठी हेच आकडे 100 ग्रॅम आणि 1 किलो. जुनी भाजणी आता वजनात शिरली. एकोणीस किलो गांजा बाळगणाऱ्यास कमाल 10 वर्षे, एकवीस किलोवाल्यास किमान 10. दोन किलोंच्या फरकाने कमाल शिक्षेची किमान शिक्षा होते!

तुरीच्या ओळींत लपवलेल्या झाडांना मात्र हा तराजू लागत नाही. लागवडीच्या कलमात वजनाची पायरीच नाही. झाडे चार असोत वा चारशे, कमाल शिक्षा तीच : 10 वर्षे सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड.